लेझर हेअर रिमूव्हल: जाहिरातीत 'कायमचं', प्रत्यक्षात काय?

लग्नसराई जवळ आली की आपल्या छत्रपती संभाजीनगरातल्या फोनवर एकच जाहिरात फिरायला लागते: '६ सेशनमध्ये केसांपासून कायमची सुटका, आजच बुक करा, ५० टक्के सूट!' मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण हे तंत्रज्ञान काय करू शकतं आणि काय नाही, हे समजायला भौतिकशास्त्र पुरेसं आहे. चला, बघूया.

लेझर नक्की करतं काय?

केसांना काळा रंग देणारं द्रव्य म्हणजे मेलॅनिन. लेझरचा प्रकाश ते शोषून घेतं, तापतं आणि ती उष्णता केसाच्या मुळापर्यंत जाते. हवं तेवढंच तापवायचं, आजूबाजूला धक्का नाही, ही कल्पना रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात मांडली. अमेरिकेत केस काढण्याच्या पहिल्या लेझरला १९९५ मध्ये मान्यता मिळाली.

यातून दोन गोष्टी निघतात. पांढऱ्या केसात मेलॅनिनच नाही, म्हणून तिथे लेझर चालत नाही. आणि केस वाढीच्या टप्प्यात असेल तरच मुळावर नीट परिणाम होतो. सगळे केस एकाच वेळी त्या टप्प्यात नसतात, म्हणून साधारण ६ ते ८ सेशन लागतात. दोन सेशनमध्ये ४ ते ८ आठवड्यांचं अंतर असतं.

आता गणित करा. ६ सेशन, मधली ५ अंतरं, प्रत्येकी ६ आठवडे: झाले ३० आठवडे, म्हणजे जवळपास ७ महिने. 'लग्नाच्या महिनाभर आधी या, सगळं क्लिअर' असं कुणी म्हणालं तर गणितच जुळत नाही.

'कायमचं' म्हणजे किती?

अमेरिकेच्या एफडीएच्या भाषेत हे केसांचं 'कायमस्वरूपी कमी होणं' आहे, 'कायमचं नाहीसं होणं' नाही. म्हणजे केस विरळ आणि बारीक होतात, काही परत येतात, मधूनमधून टच-अप लागतो. हनुवटीवर दाट केस आणि सोबत पाळी अनियमित असेल, तर आधी पीसीओएसची तपासणी करा. हार्मोन्सचा प्रश्न तसाच राहिला तर नवे केस येत राहतात आणि पॅकेजवर पॅकेज घ्यावं लागतं. चेहऱ्यावर आणि मानेवर क्वचित उलटंही होतं, लेझरनंतर केस वाढतात. हे आधी सांगणारा डॉक्टर चांगला.

आपल्या त्वचेचा प्रश्न

मेलॅनिन आपल्या त्वचेतही आहे. सावळ्या त्वचेवर चुकीची सेटिंग लावली तर केसाऐवजी त्वचाच भाजते, काळे डाग पडतात. म्हणून मशीनची तरंगलांबी विचारा. अलेक्झांड्राइट ७५५ नॅनोमीटर, डायोड साधारण ८१०, एनडी-याग १०६४. लांबी जास्त तशी वरच्या त्वचेतलं मेलॅनिन प्रकाश कमी शोषतं, म्हणून गडद त्वचेसाठी एनडी-याग जास्त सुरक्षित मानतात. आपल्याकडचा उन्हाळा माहितीच आहे. भर दुपारी स्कूटीवर फिरून टॅन झालेल्या त्वचेवर सेशन घेऊ नका.

ऑनलाइन सेलमधली घरगुती मशीन बहुतेक आयपीएल असतात. ते लेझर नव्हे. त्यात अनेक तरंगलांबींचा प्रकाश एकत्र असतो आणि ताकद कमी असते. बॉक्सवरचा त्वचेच्या रंगाचा तक्ता बघितल्याशिवाय ऑर्डर करू नका.

मशीनमागे कोण आहे?

खरा मुद्दा हाच. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हेअर ट्रान्सप्लांटसंबंधी सूचना काढताना स्पष्ट म्हटलं की यूट्यूबवर किंवा वर्कशॉपमध्ये बघणं हे सौंदर्य-उपचार सुरू करण्यासाठी पुरेसं प्रशिक्षण नाही. असं लिहून काढावं लागलं, यातच सगळं आलं. पांढरा कोट घातला म्हणजे डॉक्टर होत नाही. नाव आणि नोंदणी क्रमांक विचारा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासा. फोन हातात आहेच, दोन मिनिटांचं काम.

पैसे भरण्याआधी

- आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. खाजगी परवडत नसेल तर घाटीत त्वचारोग विभागाची ओपीडी आहे.
- छोट्या जागेवर टेस्ट पॅच मागा.
- पूर्ण पॅकेजचे पैसे एकदम भरू नका, पावती घ्या.
- आधीचे ४ आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग बंद. शेव्हिंग चालतं, कारण मूळ जागेवर राहतं.
- सेशनमध्ये डोळ्यांवर गॉगल हवाच. नंतर सनस्क्रीन.
- फोड आले तर क्लिनिकच्या रिसेप्शनला नाही, डॉक्टरला फोटो दाखवा, त्याच दिवशी.

रबर बँडचा फटका बसावा तसं दुखतं, दिवसभर लाली राहते, १ ते ३ आठवड्यांत केस गळतात. एवढं नॉर्मल आहे.

आणि हो, अंगावर केस असणं हा आजार नाही. कुणी 'स्थळं येणार नाहीत' म्हणून घाई करत असेल तर ते त्यांचं टेन्शन, तुमच्या त्वचेचं नाही. करायचं असेल तर स्वतःसाठी करा आणि ७ महिने हातात ठेवून करा.