हिशेबाच्या वहीतून : सात कोटी डॉलरचा नकार



व्यापारी घराण्यांत दोन प्रश्न पिढ्यानपिढ्या चर्चिले जात आले आहेत. पहिला मालकाचा : कर्तबगार माणूस पेढीवर टिकवावा कसा? दुसरा त्या माणसाचा : अधिक मोबदला समोर असताना जागा सोडावी की धरून राहावे? या दोन्ही प्रश्नांची उत्तम उजळणी 2024 च्या जून महिन्यात अमेरिकेतील कनेटिकट या लहानशा राज्यात झाली. निमित्त होते बास्केटबॉलच्या एका प्रशिक्षकाचे. आणि त्या वादात पिझ्झाही येऊन बसला, तो का, हेही पुढे पाहू.

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांना जो मान आहे, त्याची कल्पना आपल्याला सहजी येत नाही. कनेटिकट विद्यापीठ, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘यूकॉन’, हे स्टॉर्स नावाच्या खेडेवजा गावात आहे. या विद्यापीठाच्या पुरुष संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद 1999, 2004, 2011, 2014, 2023 आणि 2024 असे सहा वेळा मिळविले. त्यांतील शेवटची दोन डॅन हर्ली या प्रशिक्षकाच्या काळातील. 2023-24 च्या हंगामात त्यांच्या संघाने 37 सामने जिंकले, अवघे 3 गमावले आणि अंतिम सामन्यात पर्ड्यू विद्यापीठाला 75-60 असे नमविले. लागोपाठ दोन वर्षे अजिंक्यपद मिळविणे फ्लोरिडा विद्यापीठाच्या 2006 व 2007 मधील यशानंतर कोणालाही साधले नव्हते.

अशा माणसाकडे मोठ्या पेढ्यांचे लक्ष जाणारच. लॉस एंजेलिस लेकर्स हा व्यावसायिक संघ, नावावर 17 अजिंक्यपदे, त्यांची प्रशिक्षकाची जागा रिकामी झालेली. त्यांनी हर्लींपुढे सहा वर्षांसाठी सुमारे 7 कोटी डॉलरचा प्रस्ताव ठेवल्याची वार्ता आली. काही दिवस सारे राज्य श्वास रोखून बसले. 10 जूनला उत्तर आले : नकार.

मधल्या काळात चाहत्यांमध्ये जो वाद रंगतो, त्याचे स्वरूप आपल्या ओळखीचे आहे. एक पक्ष म्हणतो, माणसाने शिखराकडे पाहावे. लेकर्सचे बोलावणे दोनदा येत नाही. दुसरा म्हणतो, ज्या मातीने नाव दिले ती सोडू नये. कनेटिकटच्या लोकांना या भीतीचे कारणही आहे. हार्टफर्ड शहराचा आइस हॉकीचा व्यावसायिक संघ 1997 साली नॉर्थ कॅरोलायना राज्यात निघून गेला, आणि ती सल अजून पुसलेली नाही. शेजारी न्यूयॉर्क आणि बोस्टन ही दोन महानगरे. मध्ये सापडलेल्या या राज्याला ‘आपले’ म्हणता येईल असे मोजकेच आहे. विद्यापीठाचा संघ हे एक, आणि न्यू हेवनचा पिझ्झा हे दुसरे. म्हणून ‘जाणार की राहणार’ या चर्चेत ‘तिकडे असा पिझ्झा मिळणार आहे का’ हा प्रश्न निघाला, तर तो थट्टेचा असला तरी पोकळ नसतो. आपल्याकडेही बदलीचे पत्र हाती पडले की पहिल्यांदा पाणी, भाजी आणि जिनमंदिराचे अंतर यांचीच चौकशी होते.

या पिझ्झाचा इतिहास व्यापारी वाचकांनी जाणून घेण्याजोगा आहे. इटलीतील मायोरी या समुद्रकाठच्या गावातून आलेल्या फ्रँक पेपे यांनी 1925 साली न्यू हेवनच्या वूस्टर स्ट्रीटवर दुकान मांडले. त्यांचे भाचे साल्वातोरे कॉन्सिलियो यांनी 1938 साली त्याच रस्त्यावर ‘सॅलीज’ उघडले. दगडी कोळशाची भट्टी, पातळ आणि कडेला करपलेली पोळी, वाकडातिकडा आकार ही त्यांची खूण. स्थानिक लोक त्याला ‘अपिझ्झा’ लिहितात आणि नेपल्सकडच्या उच्चाराने ‘अबीट्स’ म्हणतात. पेपेंच्या घराण्याने न्यू हेवनबाहेर पहिली शाखा उघडली ती 2006 साली, फेअरफिल्ड येथे. म्हणजे आठ दशके हा व्यवसाय आपल्या गावाबाहेर गेला नाही. 2024 साली राज्य शासनाने सीमेवरील फलकांवर आपल्या राज्याला देशाची ‘पिझ्झा राजधानी’ म्हणून मिरविण्याचे ठरविले, तेव्हा शेजाऱ्यांच्या भुवया उंचावल्या. कारण न्यूयॉर्कचा दावा 1905 च्या ‘लोंबार्डीज’पासूनचा, शिकागोला 1943 पासूनच्या आपल्या जाड, खोलगट पिझ्झाचा अभिमान, आणि डेट्रॉइटचा चौकोनी पिझ्झा 1946 पासूनचा, तोही मोटार कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या पोलादी तबकांतून जन्मलेला.

श्रावकांसाठी येथे एक व्यावहारिक सूचना. न्यू हेवनचा सर्वांत प्रसिद्ध प्रकार शिंपल्यांतील जिवांचा आहे, तो तर सर्वथा वर्ज्य. ‘साधा’ म्हणून जो मिळतो, त्यावर टोमॅटो, तेल आणि किसलेले चीज असते. मोझरेला वेगळे मागावे लागते. मात्र तेथे वापरले जाणारे पेकोरिनो रोमानो हे इटालियन चीज परंपरेने कोकराच्या जठरातील द्रव्याने विरजलेले असते. मांस दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी ठरत नाही. तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलांनी लसणाबरोबर चीजचीही चौकशी करावी. आपल्याकडे वेष्टनावर हिरवा ठिपका पाहण्याची सोय आहे. परदेशात ती जबाबदारी आपली.

आता हिशेबाकडे वळू. 7 कोटी नाकारले म्हणून हर्लींना संन्याशाच्या पंक्तीत बसविण्याचे कारण नाही. पुढच्याच महिन्यात विद्यापीठाने त्यांच्याशी सहा वर्षांचा 5 कोटी डॉलरचा करार केला. आदल्या वर्षीचा त्यांचा करार सहा वर्षांचा, 3 कोटी 21 लाखांचा होता. नकार देताना नव्या करारावर सही झालेली नव्हती हे खरे. पण बाजारातील आपली किंमत किती, हे लेकर्सच्या प्रस्तावाने साऱ्या जगाला कळले होते.

वर्षाला भागून पाहू. तिकडे सुमारे 1 कोटी 16 लाख डॉलर, इकडे सुमारे 83 लाख. अंतर 33 लाखांचे, म्हणजे 40 टक्क्यांचे. परंतु ढोबळ रक्कम आणि हाती पडणारी रक्कम यांत फरक असतो, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. केंद्रीय प्राप्तिकराचा वरचा दर दोन्हीकडे 37 टक्के. राज्याचा वरचा दर मात्र कॅलिफोर्नियात 13.3 टक्के आणि कनेटिकटमध्ये 6.99 टक्के. वरचे दर सरसकट लावून ढोबळ मांडणी केली, तर हाती उरतात तिकडे 58 लाख आणि इकडे 46 लाख 70 हजार. 33 लाखांचे अंतर 11 लाखांवर आले आणि 40 टक्के होते ते 24 टक्के झाले. लॉस एंजेलिसमधील घरांच्या किमती लक्षात घेतल्या तर ते आणखी आकसेल. ‘7 कोटी की 5 कोटी’ असा प्रश्न मांडणारे चाहते कच्च्या खतावणीवरून नफा काढत होते, असेच म्हणावे लागेल.

शिवाय कौशल्य एका गादीवरून दुसऱ्या गादीवर जसेच्या तसे नेता येते का, हाही प्रश्न आहेच. महाविद्यालयात प्रशिक्षक हा अठरा-वीस वर्षांच्या मुलांचा शिक्षक असतो. व्यावसायिक संघात त्याच्यापेक्षा अधिक कमावणारी प्रौढ माणसे त्याच्या हाताखाली असतात आणि हंगाम 82 सामन्यांचा असतो. रिक पिटिनो आणि जॉन कॅलिपारी हे नामवंत प्रशिक्षक तिकडे जाऊन अपेशी ठरले आणि महाविद्यालयांत परतून पुन्हा यशस्वी झाले. जॉन बाइलाइन 2019 साली मिशिगन विद्यापीठ सोडून क्लीव्हलँडला गेले आणि पहिला हंगामही पुरा करू शकले नाहीत. उलट बटलर या छोट्या विद्यापीठातून 2013 साली बोस्टनला गेलेले ब्रॅड स्टीव्हन्स तेथे चांगले रुजले. म्हणजे नियम कोणताच नाही. अनेकान्ताची दृष्टी हेच सांगते : जावे म्हणणाऱ्यांचे म्हणणे एका नयाने खरे, राहावे म्हणणाऱ्यांचे दुसऱ्या नयाने. आपलाच नय संपूर्ण सत्य आहे असा हट्ट धरला की वादाचे भांडण होते.

निर्णयाची पारख नंतरच्या निकालावरून करण्याचा मोहही आवरावा. पुढील हंगामात यूकॉन संघ हवाई बेटांवरील स्पर्धेत लागोपाठ तीन सामने हरला, आणि मार्च 2025 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या दुसऱ्याच फेरीत फ्लोरिडाकडून 77-75 असा बाद झाला. लेकर्सनी जे. जे. रेडिक या माजी खेळाडूला नेमले. त्यांनी पहिल्या वर्षी 50 सामने जिंकले, पण बाद फेरीत पहिल्याच टप्प्यावर त्यांचाही संघ गारद झाला. यावरून कोण शहाणा ठरला? कोणीच नाही. निर्णय चांगला की वाईट, हे तो घेताना काय ठाऊक होते आणि काय तोलून पाहिले, यावर ठरते. मी कर्जविभागात असताना उत्तम तपासणी करून दिलेली काही कर्जे बुडाली आणि डोळे झाकून दिलेली काही वसूल झाली. म्हणून डोळे झाकणे ही पद्धत ठरत नाही.

या साऱ्या चर्चेत निष्ठेचा उच्चार वारंवार होतो. पण निष्ठेच्या खात्याला दोन बाजू असतात, आणि दुसरी बाजू चाहते क्वचितच वाचतात. हर्ली ज्या खुर्चीवर बसले, तीवर त्यांच्या आधी केव्हिन ऑली होते. हे ऑली याच विद्यापीठाचे माजी खेळाडू. 2014 चे अजिंक्यपद त्यांच्याच हाताखाली आले. त्यानंतर संघाची कामगिरी घसरली, नियमभंगाची चौकशी सुरू झाली आणि मार्च 2018 मध्ये, करार शिल्लक असताना, विद्यापीठाने त्यांना काढले व उरलेली रक्कम देण्यास नकार दिला. प्रकरण लवादापुढे गेले. जानेवारी 2022 मध्ये लवादाने ऑलींच्या बाजूने निर्णय देऊन विद्यापीठाला 1 कोटी 11 लाख डॉलरहून अधिक रक्कम देण्यास सांगितले. घरच्या माणसाची ही कथा ज्या गावात चार वर्षे चालली, त्याच गावाने पुढच्या माणसाकडे निष्ठा मागावी, यात थोडी विसंगती आहे. प्रशिक्षक गेला की तो कृतघ्न, आणि संस्थेने काढला की तो ‘कामकाजाचा भाग’, अशी दोन मापे एकाच दुकानात चालत नाहीत.

आपल्या पेढ्यांकडे या दृष्टीने पाहावे, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच. वीस वर्षे गल्ला सांभाळणारा मुनीम, गिऱ्हाईक नावाने ओळखणारा विक्रेता, वसुलीला गोड बोलून जाणारा दिवाणजी यांची नोंद ताळेबंदात कोठेही नसते. माल दिसतो, येणे दिसते, इमारत दिसते. माणूस दिसत नाही. तो गेल्यावर मात्र सहा महिन्यांत येणे वाढते आणि माल पडून राहू लागतो. तेव्हा ‘आम्ही त्याला घरच्यासारखे वागवले’ असे आपण म्हणतो. घरच्यासारखे म्हणजे काय? त्याच्या मुलीच्या लग्नात अहेर केला हे चांगलेच. पण त्याची पगारवाढ शेवटची कधी झाली, भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का, आजारपणात काय सोय आहे, हे प्रश्न अधिक घरचे आहेत. यूकॉनने 3 कोटी 21 लाखांचे 5 कोटी केले, ते लेकर्सचे पत्र आल्यानंतर. शहाण्या मालकाने दुसऱ्याच्या पत्राची वाट पाहू नये.

आणि जो जाऊ इच्छितो, त्याला आडवू नये. तरुण मुलाला पुणे-मुंबईत किंवा परदेशी नोकरी खुणावते तेव्हा ‘पेढी बुडेल’ हे ओझे त्याच्या खांद्यावर टाकून त्याला थांबवणे, हा प्रेमाच्या वेषातला परिग्रहच आहे. तत्त्वार्थसूत्राने वस्तूंपेक्षा त्यांच्याविषयीच्या आसक्तीला परिग्रह मानले आहे. माणसांविषयीची मालकीची भावना त्याहून वेगळी कशी म्हणावी?

हर्लींच्या घरात याचे एक जुने उदाहरण आहे. त्यांचे वडील बॉब हर्ली यांनी न्यू जर्सीतील जर्सी सिटीच्या सेंट अँथनी या गरीब शाळेत 1972 पासून 2017 पर्यंत, म्हणजे शाळा पैशाअभावी बंद पडेपर्यंत, प्रशिक्षकाचे काम केले. पोट भरण्यासाठी अनेक वर्षे ते न्यायालयाच्या देखरेखीखालील गुन्हेगारांवर लक्ष ठेवण्याची सरकारी नोकरी करीत. शाळेने अनेक राज्य अजिंक्यपदे मिळविली आणि 2010 साली बास्केटबॉलच्या सर्वोच्च सन्मानदालनात त्यांचा समावेश झाला. महाविद्यालयांची दारे त्यांना उघडी होती; ते गेले नाहीत. त्यांना कोणी बांधून ठेवले नव्हते, म्हणूनच त्या राहण्याला मोल आले.

श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतात आकडा प्रत्येकाने स्वतः ठरवायचा असतो. गुरू तो ठरवून देत नाहीत. कोणाचा आकडा मोठा असेल, कोणाचा लहान. डॅन हर्लींचा आकडा आपल्या कल्पनेच्याही पलीकडचा होता, हे उघड आहे. तरीही ‘येथपर्यंत पुरे, यापुढचे दुसऱ्या कशासाठी सोडतो’ असे एखादा माणूस म्हणू शकला, एवढे आपल्या उपयोगाचे. येत्या पर्युषणात क्षमायाचना करताना पेढीवरच्या माणसांचाही विचार व्हावा, आणि दिवाळीच्या वहीपूजनाआधी त्यांच्या पगाराचे पान एकदा उघडून पाहावे, ही विनंती.