रडीचा डाव

चंद्रावर हल्ला करता येतो का?

प्रश्न येडपट आहे, मान्य. पण गेले दोन विकांत माझं डोकं त्यातच अडकलंय. त्याचं झालं असं, की जुलैमध्ये ताई न्यूजर्सीहून महिनाभर पुण्याला आली होती. सोबत भाचा, वय वर्षं दहा. आणि भाच्यासोबत एक जाडजूड फाईल. पानापानावर नऊ कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात 'यु-गी-ओ!'चा एक पत्ता. बाहेर धो धो पाऊस, सोसायटीत ओळखीचं कुणी नाही, त्यामुळे पोरगं दिवसभर टॅबलेटवर तीच मालिका बघायचं आणि दर पाच मिनिटांनी 'मामा, हे बघ ना'.

एका शनिवारी हापिसातला एक मित्र घरी आला. आम्ही दोघंही जुने अ‍ॅनिमेवाले. २०२३ मध्ये 'सुझुमे' इथल्या थेटरात लागला तेव्हा पहिल्या दिवशी हजर असणाऱ्यांपैकी. भाचा हौसेने टॅबलेट घेऊन आमच्यामध्ये येऊन बसला. नेमका तोच प्रसंग लागला होता. युगीची गाठ एका कोळ्याच्या पोराशी पडली आहे, अर्धं मैदान समुद्राने व्यापलंय, प्रतिस्पर्ध्याचे सगळे राक्षस पाण्याखाली लपलेत. युगीने मघाशी चंद्राचा एक पत्ता मांडलेला असतो. आता तो आपल्या दगडी सैनिकाला काय सांगतो? चंद्रावर हल्ला कर! चंद्र फुटतो, भरती ओसरते, जलचर उघडे पडतात आणि युगी जिंकतो.

आम्ही दोघं खो खो हसलो. मित्र म्हणाला, "उद्या वर्ल्ड कपला पाऊस आला की रोहितला सांगू, ढगांवर हल्ला कर." मी त्याला टाळी दिली.

भाच्याने टॅबलेट बंद केला. "शेवटचा एपिसोड मी तुझ्यासाठी ठेवला होता. आता नाही दाखवणार," म्हणाला आणि फाईल घेऊन आतल्या खोलीत गेला. पुढचे चार दिवस 'मामा, हे बघ ना' बंद.

तर मंडळी, ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काझुकी ताकाहाशी यांची ही चित्रकथा जपानमधल्या 'शोनेन जम्प' साप्ताहिकात १९९६ ते २००४ या काळात आली. युगी नावाच्या बुटक्या, एकलकोंड्या पोराच्या अंगात एका प्राचीन इजिप्शियन राजाचा आत्मा शिरतो आणि तो खेळांमध्ये दुष्टांचा पाडाव करतो. सुरुवातीला खेळ नाना तऱ्हेचे होते, पत्त्यांचा त्यातला एक. वाचकांनी तोच उचलून धरला आणि कथाच पत्त्यांची झाली. त्यावरची २२४ भागांची मालिका २००० साली जपानमध्ये सुरू झाली, २००१ मध्ये इंग्रजी डबिंग होऊन अमेरिकेत आली.

आणि मोठ्या वयाचे अ‍ॅनिमे-चाहते तिला गेली पंचवीस वर्षं हसताहेत.

हसणाऱ्यांचे प्रकार आहेत. पहिला आमच्यासारखा, सरळ टिंगल करणारा. जगाचं भवितव्य पत्ते कुटून ठरतं, अब्जाधीश कंपनी-मालक शाळकरी पोरांशी पत्त्यांवरून भांडतो, पुढच्या एका मालिकेत तर लोक मोटरसायकलवर बसून पत्ते खेळतात (खोटं नाही सांगत, २००८ ची मालिका आहे). २००६ मध्ये एका ब्रिटिश चाहत्याने मूळ भाग कापून, जवळजवळ सगळे आवाज स्वतः काढून एक विडंबन-मालिका केली. ती इतकी गाजली, की आज कित्येकांना मूळ मालिका आठवते ती तिच्या विनोदांतून. ते विनोद भन्नाट आहेत, आणि सगळी मालिका डोक्यात बसल्याशिवाय असं विडंबन होत नाही हेही तितकंच खरं. असो.

दुसरा प्रकार शुद्धतावाद्यांचा. 'इंग्रजी बघू नकोस, मूळ जपानी बघ.' यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. अमेरिकेतल्या फोरकिड्स कंपनीने जे केलं ते खरंच अचाट होतं. जोनोउचीचा जोई व्हीलर झाला आणि ब्रुकलिनच्या ढंगात बोलायला लागला. पिस्तुलं पुसून टाकली, त्यामुळे काळ्या सुटातले गुंड नुसतंच बोट रोखून उभे. पेगासस वाईन पितो, तिचा झाला फळांचा रस. एका लढतीत हरणाऱ्याचे पाय कापायला फिरती करवतीची पाती येत असतात. इंग्रजीत ती पाती निळसर ऊर्जेची झाली आणि माणूस मरण्याऐवजी 'शॅडो रेल्म'मध्ये जाऊ लागला. ही कंपनी २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी तिच्या जपानी भागीदारांनी याच मालिकेच्या पैशांवरून तिच्यावर दावा लावला होता. शुद्धतावाद्यांनी तेव्हा पेढे वाटले असतील.

तिसरा प्रकार आणखी पुढचा. 'मालिका सोड, चित्रकथेचे पहिले सात खंड वाच, तिथे किती अंधार आहे बघ, किती क्रूर शिक्षा आहेत.'

मी स्वतः इंजिनिअरिंगला असताना दुसऱ्या प्रकारात होतो. हॉस्टेलवर रात्र रात्र जागून सबटायटल्स लावून जपानी मालिका पाहिली आणि इंग्रजी बघणाऱ्यांकडे तुच्छतेने पाहिलं. आता कबूल करायला हरकत नाही: जपानीतही तो पोरगा 'मी आता हा पत्ता टाकतो, याचा परिणाम असा असा' हेच ओरडून सांगत असतो. भाषा बदलली म्हणून पोरखेळाचा प्रौढखेळ होत नाही. शुद्धतावादी आणि टिंगलवाले भांडतात भरपूर, पण दोघांचं एका गोष्टीवर एकमत आहे. लहान मुलांचं असणं ही उणीव आहे. एक ती दाखवून हसतो, दुसरा ती झाकायला करवत आणि वाईन पुढे करतो.

आता तो चंद्र. 'नियम मोडला' म्हणून आपण हसतो ना? तर कोनामी कंपनीने पत्त्यांचा खरा खेळ बाजारात आणला फेब्रुवारी १९९९ मध्ये, आणि चंद्राचा डाव चित्रकथेत त्याआधीच येऊन गेला होता. म्हणजे जे नियम मोडले म्हणून पंचवीस वर्षं आरडाओरडा चाललाय ते नियम तेव्हा नव्हतेच! ताकाहाशी सरळ पोरांच्या खेळण्याचं वर्णन करत होते. पोरं खेळतात तेव्हा नियम असेच बनतात. आमच्या गल्लीत बॉल जोशीकाकूंच्या गच्चीत गेला की आऊट, पण काकू गावाला गेल्या असतील तर सिक्सर. डब्ल्यूडब्ल्यूईच्या पत्त्यांमध्ये रँक एकवाला पैलवान हातात असणारा अचानक 'आज रँक चालणार नाही' म्हणायचा का? नाही. तो हरणारा म्हणायचा. आणि त्यावर अर्धा तास भांडण चालायचं, तोच खरा खेळ.

त्या नजरेने बघा. काईबा हा अब्जाधीश वगैरे नंतर. आधी तो 'ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग'वाला मुलगा आहे. हरायची वेळ आली तेव्हा किल्ल्याच्या कठड्यावर जाऊन उभा राहतो, की आता हल्ला केलास तर मी खाली पडेन. चक्क रडीचा डाव! आणि तो जिंकतोही. युगीच्या आजोबांचा दुर्मिळ पत्ता तो फाडतो, आपल्याकडे आधीच तसे तीन असताना, केवळ चौथा कुणाकडे असू नये म्हणून. हागा नावाचं एक कार्टं 'बघू जरा' म्हणून युगीचे सगळ्यात मौल्यवान पाच पत्ते हातात घेतं आणि समुद्रात भिरकावतं. ज्याने शाळेत नवीन कंपास कुणाला 'बघायला' दिलाय त्याला हे सांगायला नको. मोठ्यांना यात जगाचं भवितव्य दिसतं आणि हसू येतं. दहा वर्षांच्या पोराला यात पाचवी ब दिसते.

याचा अर्थ मालिका थोर आहे असा नाही. मधले मूळ कथेत नसलेले भाग रटाळ आहेत, एकेक डाव चार-चार भाग चालतो, आणि हो, ती जाहिरात आहेच. मार्च २०११ पर्यंत कोनामीने २५ अब्जांहून जास्त पत्ते विकले होते. त्यातले निदान चारशे ताईच्या पैशाचे. ती त्या फाईलकडे ज्या नजरेने बघते त्या नजरेपुढे माझा कुठलाही युक्तिवाद टिकणार नाही.

पण शेवट. राजाच्या आत्म्याला मुक्ती हवी असेल तर युगीने त्याला डावात हरवलं पाहिजे. म्हणजे ज्याच्या जोरावर आजवर जिंकलो, जो एकमेव जिवाभावाचा सोबती, त्यालाच हरवून कायमचं जाऊ द्यायचं. राजा शेवटी मेलेल्याला परत आणणारा पत्ता टाकतो. युगीने आधीच एका पेटीत कुठलासा पत्ता बंद करून ठेवलेला असतो. पेटी उघडते. आत तोच पत्ता. राजाचा पत्ता रद्द. गेलेल्यांनी परत यायचं नाही, हे त्या पोराने आपल्या मित्राला भाषणाने सांगितलेलं नाही, खेळातल्या नियमाने सांगितलंय. इथे नियम अगदी काटेकोर पाळलाय, हं.

हा भाग मी हॉस्टेलवर पहाटे साडेतीनला एकट्याने पाहिला होता आणि रडलो होतो. सकाळी मेसमध्ये कुणीतरी विचारलं तर म्हणालो, "ठीक आहे रे, पोरांसाठी आहे." २०२२ च्या जुलैमध्ये ताकाहाशी ओकिनावाच्या समुद्रात गेले. साठ वर्षांचे होते. पाण्यात अडकलेल्यांना वाचवायला ते उतरले होते, हे काही महिन्यांनी बाहेर आलं. त्याही दिवशी मित्रांमध्ये एक चंद्राचा विनोद झालाच, आणि मी हसलो.

पाचव्या दिवशी मी भाच्यापुढे पांढरं निशाण फडकावलं. म्हटलं, मला खेळायला शिकव. त्याने जरा वेळ भाव खाल्ला, मग फाईल उघडली. वीस मिनिटांत माझं पानिपत. शेवटचा उपाय म्हणून मी म्हणालो, "माझा सैनिक तुझ्या त्या मैदानाच्या पत्त्यावर हल्ला करतो."

"मामा, तसं करता येत नाही."

"तुझ्या कार्टूनमध्ये तर चंद्रावर करतात!"

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की आमचा क्लायंटसुद्धा पाहत नाही. "ते कार्टून आहे ना. हा गेम आहे. तुला कळत नाही का?"

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. आमच्यापेक्षा नीट.

दुसऱ्या डावाला त्याने मला आठ हजार गुण दिले आणि स्वतः चार हजारांवर सुरुवात केली. मी विचारलं हे कुठल्या नियमात बसतं, तर म्हणे, "तू नवीन आहेस ना, म्हणून." मी त्याला सांगितलं, याला आमच्यात कच्चा लिंबू म्हणतात. शब्द त्याला इतका आवडला, की मुंबई विमानतळावर निरोप घेताना टाटा करायच्या ऐवजी तो काचेपलीकडून तेच ओरडत होता. शेवटचा एपिसोड मात्र दाखवला नाही. पुढच्या वर्षी दाखवीन म्हणाला.