हिशेब तपासणारा कोणाचा?

जानेवारी २०२६ मध्ये नाशिककरांनी आपले नगरसेवक पुन्हा निवडून दिले. मागील महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. तेव्हापासून जवळजवळ पावणेचार वर्षे ह्या नगरीचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. ह्या काळातील रस्त्यांविषयी, पाण्याविषयी, गोदावरीच्या प्रदूषणाविषयी नागरिक तावातावाने बोलतात आणि ते योग्यच आहे. परंतु ह्या काळात जो पैसा खर्च झाला त्याचा हिशेब कोणी तपासला, आणि तपासून तो कोणापुढे ठेवला, हा प्रश्न मात्र क्वचितच कानी पडतो. तोच आज आम्हांस विचारावयाचा आहे.

ह्या संदर्भात पुष्कळदा असे सुचविले जाते की, आपण नगरसेवक निवडतो, आमदार-खासदार निवडतो, मग त्यांचा हिशेब तपासणारा लेखापरीक्षकही जनतेनेच का निवडू नये? ही सूचना हसण्यावारी नेण्याजोगी नाही. अमेरिकेतील अनेक राज्यांत आजही लेखापरीक्षक मतदानाने निवडला जातो. तेथील इलिनॉय राज्याचा इतिहास ह्या बाबतीत बोधप्रद आहे. आरंभी तेथील लेखापरीक्षक विधिमंडळ निवडीत असे. १८४२ साली त्या पदावर असलेल्या जेम्स शील्ड्स ह्यांनी, सरकारी बँकेच्या नोटा करभरण्यात घेऊ नयेत, असा हुकूम काढला. एका तरुण वकिलाने वर्तमानपत्रातून त्यांची अशी टर उडविली की प्रकरण तलवारीच्या द्वंद्वापर्यंत गेले आणि मध्यस्थांमुळेच मिटले. तो वकील म्हणजे अब्राहम लिंकन. पुढे १८४८ च्या राज्यघटनेने ही निवड थेट मतदारांच्या हाती दिली. विधिमंडळाच्या मर्जीतून सुटलेला लेखापरीक्षक निर्भय होईल, ही त्यामागील आशा होती.

ती आशा कशी फळास आली? १९५२ साली ऑर्व्हिल हॉज नावाचे गृहस्थ त्या पदावर निवडून आले. माणूस दिलदार, मनमिळाऊ, मतदारांत लोकप्रिय. १९५६ साली ते पुन्हा उमेदवार म्हणून उभे असतानाच शिकागोच्या एका दैनिकाने त्यांचे बिंग फोडले. भलत्याच लोकांच्या नावे सरकारी धनादेश काढून ते पैसे हॉजसाहेबांनी स्वतःच्या चैनीत उडविले होते. अपहाराची रक्कम दहा लाख डॉलरांच्या वर गेली आणि लेखापरीक्षकाची रवानगी तुरुंगात झाली. पैसे देण्याच्या हुकुमावर सही करणारा आणि तो हुकूम तपासणारा एकच असल्यावर दुसरे काय व्हावयाचे? कुंपणानेच शेत खाल्ले! ह्या अनुभवाने शहाण्या झालेल्या त्या राज्याने १९७० च्या नव्या घटनेत दोन्ही कामे वेगळी केली. पैसे देणारा अधिकारी मतदारांनी निवडावा. पण हिशेब तपासणारा मात्र दोन्ही सभागृहांच्या तीन-पंचमांश बहुमताने, दहा वर्षांसाठी नेमला जावा, अशी योजना त्यांनी केली. तीन-पंचमांश मते मिळवावयाची म्हणजे सहसा एका पक्षाला आपलाच माणूस बसविता येत नाही.

आपल्या घटनाकारांनी निवडणुकीचा मार्ग प्रथमपासूनच टाळला. ३० मे १९४९ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नियंत्रक व महालेखापरीक्षकाचे कर्तव्य न्यायसंस्थेच्या कर्तव्याहूनही महत्त्वाचे मानले. म्हणूनच १४८ व्या अनुच्छेदाने त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच संरक्षण दिले आणि निवृत्तीनंतर सरकारी पदाचा मोह त्याच्यापुढे ठेवला नाही. उणीव आहे ती नेमणुकीत. ही नेमणूक केंद्र सरकारच्याच सल्ल्याने होते. विरोधी पक्षाला तीत स्थान नाही. ह्याविषयीची याचिका २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने विचारार्थ घेतली, हे सुचिन्हच म्हटले पाहिजे.

हे तत्त्व आपल्याला परके नाही. पेशवाईत मामलेदाराच्या कचेरीत जे दरखदार असत त्यांची नेमणूक हुजुरातून होई. मामलेदाराच्या हिशेबावर त्यांची नजर असे आणि त्यांना दूर करण्याचा अधिकार मामलेदारास नसे. एके काळी आम्ही शाळामास्तरकी केली आहे. विद्यार्थ्याने आपला परीक्षक आपणच निवडावा, अशी मागणी आमच्या वर्गातील व्रात्यांतील व्रात्य मुलानेही कधी केली नाही. लेखापरीक्षा हीही परीक्षाच!

तरीसुद्धा एका ठिकाणी ही निवड खरोखरच आपल्या हाती आहे, ह्याचे स्मरण वाचकांस देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. २०१३ साली राज्याच्या सहकार कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार सहकारी संस्थेचा लेखापरीक्षक शासनमान्य नामतालिकेतून वार्षिक सर्वसाधारण सभेने नेमावयाचा असतो. आपली गृहनिर्माण संस्था, आपली पतसंस्था, आपली बँक ह्यांच्या सभेत हा विषय कसा उरकला जातो, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी आठवून पाहावे. बाहेर चहाच्या कपांचा आवाज येऊ लागलेला असतो, संचालक मंडळाने सुचविलेले नाव वाचले जाते आणि ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो. पुढे ठेवी अडकल्या की आपण सरकारच्या नावाने बोटे मोडतो. मताचा अधिकार होता तेव्हा आपण घड्याळाकडे पाहत होतो, हे सोयीस्करपणे विसरतो.

आता नाशिककडे वळू. महापालिकेच्या कायद्याप्रमाणे मुख्य लेखापरीक्षकाचा अहवाल स्थायी समितीपुढे जातो. आयुक्ताने खर्च करावा, लेखापरीक्षकाने तपासावा आणि लोकांनी निवडलेल्या समितीने जाब विचारावा, अशी ही तिहेरी घडण आहे. परंतु प्रशासकाच्या काळात महासभा, स्थायी समिती आणि आयुक्त ह्या तिघांचेही अधिकार एकाच खुर्चीत एकवटले. म्हणजे खर्चास मंजुरी देणारा तोच, खर्च करणारा तोच आणि त्यावरील आक्षेप ऐकून घेणाराही तोच! ह्यात कोणा अधिकाऱ्याच्या सचोटीवर शिंतोडे उडविण्याचा आमचा हेतू नाही. माणूस सज्जन असेलही. पण सज्जनपणा गृहीत धरून कायदे केले जात नाहीत. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे घटनेचा २४३-यू हा अनुच्छेद स्पष्ट बजावतो. आरक्षण आणि प्रभागरचना ह्यांच्या वादात ती वर्षानुवर्षे लांबली. त्याबरोबर हिशेबाचा जाब विचारणारेही नाहीसे झाले.

तेव्हा लेखापरीक्षक निवडणुकीने यावा की नेमणुकीने, ह्याहून महत्त्वाचा प्रश्न त्याचा अहवाल वाचणारे निवडून आलेले आहेत की नाहीत, हा आहे. ते आता आलेले आहेत. मार्च २०२२ पासूनचे सर्व लेखापरीक्षण अहवाल त्यांनी महासभेपुढे मागवावेत, प्रत्येक आक्षेपाचे उत्तर आणि वसुलीची स्थिती मुदत घालून घ्यावी आणि ते सर्व सोप्या मराठीत नागरिकांस खुले करावे. सिंहस्थासाठी हजारो कोटींची कामे निघाली असताना हे काम पर्वणी उरकल्यावर करू, असे म्हणणे म्हणजे घोडे निघून गेल्यावर तबेल्याला कुलूप लावणे होय.

नव्या नगरसेवकांचे अभिनंदन बहुतेकांनी केलेच आहे. आम्ही ते त्यांनी पहिला अहवाल उघडून वाचल्यावर करू.