खाजवणाऱ्या कुत्र्याची बाजू

(द्वितीय वर्ष, कला)

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात कुत्र्याच्या खाजेवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. बेकारी, हुंडा, परीक्षापद्धती, ग्रामीण साहित्याचे भवितव्य असे भारदस्त विषय समोर असताना हे काय मध्येच? परंतु ज्या विषयावर प्रत्येक गल्लीत, प्रत्येक पारावर ठाम मते आहेत आणि ज्याची चौकशी मात्र क्वचितच कोणी करतो, तो विषय वैचारिक लेखाला अपात्र कसा ठरेल? शिवाय आपल्या या ठाम मतांची किंमत एक मुका जीव आपली कातडी सोलून देत असतो. म्हणून ही लेखणी उचलली.

आधी भाषेकडेच पाहू. ‘लूत भरलेलं कुत्रं’ ही आपल्याकडे माणसाला द्यायची शिवी आहे. आजाराचे नाव शिवी होऊन बसले, की त्या आजाराकडे आजार म्हणून पाहण्याची सवय सुटते. केस गेलेले, खपल्या धरलेले कुत्रे दिसले, की याला काय झाले आहे असे आपण विचारीत नाही; आपण दगड शोधतो. माणसांच्या रोगांबाबतही हे घडलेच होते. देवीची साथ म्हणजे देवीचा कोप, असे मानून कित्येक पिढ्या हात जोडून बसल्या. लस घरोघर पोचली आणि १९७५ नंतर तो रोग आपल्या देशात उरला नाही. कोप शांत करून रोग गेला नाही. त्याच्यावर नेमका इलाज केल्याने गेला.

गंमत अशी, की याच समाजात श्रीदत्ताच्या तसबिरीत चार कुत्री पायाशी उभी असतात. खंडोबाच्या मूर्तीजवळही कुत्रे असते आणि जेजुरीच्या वाऱ्यांत वाघ्या स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेतो. पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण लहानपणापासून ऐकत आलो. तसबिरीतले कुत्रे पूज्य आणि दारातले खाजवू लागले की त्याज्य, हा हिशेब काही केल्या जुळत नाही.

आता आपल्या उपायांकडे वळू. आमच्या वस्तीत आणि मी पाहिलेल्या बहुतेक खेड्यांत लुतीवर एक हुकमी औषध आहे : गॅरेजमधून आणलेले जळके ऑईल. ते नसेल तर रॉकेल, तेही नसेल तर फिनेल. हे सांगणारी माणसे दुष्ट नसतात. त्यांना कुत्र्याची कणव असते म्हणून तर ती डबा घेऊन येतात. ऑईलने काही किडे मरतही असतील. पण कुत्रे अंग चाटते. आधीच फाटलेल्या कातडीवर लावलेले हे विष जिभेवाटे पोटात जाते, आणि कातडी भाजते ती वेगळीच. दुसरा लोकप्रिय सिद्धान्त म्हणजे ‘गोड खायला घातले, म्हणून लूत झाली’. गोडाने कुत्र्याचे दात आणि वजन बिघडेल, हे खरे. परंतु लूत एका सूक्ष्म किड्यामुळे होते. तो किडा पेढ्यातून येत नाही, दुसऱ्या कुत्र्याच्या अंगावरून येतो.

हे झाले गावाकडचे. शहरात गेलेल्यांची तऱ्हा उलट आहे. तेथे कुत्र्याने दोनदा कान खाजवला, की ‘फूड ॲलर्जी’ असा निकाल लागतो. आज चिकन बंद, उद्या भात बंद, परवा धान्यविरहित खाद्याचे महागडे पोते दारात. गावाने सारा दोष घाणीला आणि गोडाला दिला; शहराने तो थाळीला दिला. दोघांनीही कुत्र्याचे अंग मात्र नीट पाहिले नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, एवढेच याचे वर्णन करता येईल.

वस्तुतः खाज हा रोग नव्हे. ते एक लक्षण आहे. माणसाला ताप येतो तो जसा मलेरियाने, टायफॉइडने किंवा साध्या सर्दीनेही येतो, तशीच कुत्र्याची खाज अनेक कारणांनी येते. म्हणून चौकशीला क्रम हवा. पशुवैद्य जो क्रम सांगतात तो कोणालाही समजण्याजोगा आहे.

पहिला संशय पिसवांवर घ्यावा. पिसू दिसली नाही म्हणजे ती नाहीच, असे नव्हे. काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेचेच वावडे असते. अशा कुत्र्याला मोजके चावे पुरतात आणि ते शेपटीच्या मुळाशी, पाठीच्या मागल्या भागावर चावून चावून केस घालवते. याची परीक्षा फुकटात होते. कुत्र्याला विंचरून पडलेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावी. कणीभोवती तांबूस डाग उमटला, तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त होय. पिसवांची अंडी कुत्र्याच्या अंगावरून गळून गोणपाटात, जमिनीच्या फटींत पडतात. त्यामुळे कुत्र्याला औषध लावून त्याचे अंथरूण तसेच ठेवणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

दुसरा संशय लुतीच्या किड्यावर. हा किडा कातडीत बिळे करतो. कानाच्या कडा, कोपर आणि मागच्या पायांचे घोटे येथे तो आधी दिसतो, आणि खाज अशी सुटते की कुत्रे झोपत नाही. तो एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जातो. माणसाच्या अंगावर आला, तर काही दिवस पुरळ आणि खाज देतो. पण माणसावर त्याचा वंश टिकत नाही. माणसाच्या खरजेचा किडा त्याच कुळातला असला, तरी त्याचा प्रकार वेगळा. याखेरीज केसांच्या मुळाशी राहणारा आणखी एक किडा आहे. तो थोड्या प्रमाणात धडधाकट कुत्र्यांच्या अंगावरही असतो आणि पिल्लांना जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईकडून मिळतो. पिल्लू अशक्त असले किंवा प्रतिकारशक्ती ढासळली, की तो माजतो आणि केसांचे चट्टे जातात. हा दुसरा प्रकार मोठ्या कुत्र्यांत एकाचा दुसऱ्याला सहसा लागत नाही. म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘लूत’ म्हणून हाकलतो, त्यातली काही कुत्री इतरांना मुळीच धोक्याची नसतात! हा भेद उघड्या डोळ्यांनी कळत नाही. पात्याने कातडी हलकेच खरवडून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. बिळे करणारा किडा तेथेही कधीकधी सापडत नाही. तेव्हा लक्षणांवरून डॉक्टर औषध देऊन पाहतात.

तिसरा भाग बुरशीचा आणि जंतूंचा. खाजवून फाटलेल्या कातडीत हे मागाहून शिरतात, कुबट वास येतो, कान वाहतो. मूळ कारण काहीही असो, यांचा बंदोबस्त केल्यावाचून खाज थांबत नाही.

हे सारे तपासून झाले आणि तरीही खाज राहिली, म्हणजे मग ॲलर्जीचा विचार करायचा. त्यातही धूळ, धुळीतले किडे, परागकण यांच्या ॲलर्जीचे प्रमाण अन्नाच्या ॲलर्जीपेक्षा अधिक आढळते. ही ॲलर्जी बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होते आणि पुष्कळदा ऋतूप्रमाणे कमीजास्त होते. अन्नाची ॲलर्जी बारमाही असते. कान, पंजे, पोट, गुदद्वाराभोवतीची जागा यांना खाज आणि कित्येकदा जोडीला पोटाची तक्रार, असे तिचे स्वरूप. दोन्हींची लक्षणे इतकी सारखी, की नुसते पाहून निवाडा करता येत नाही.

अन्नाबाबत दोन गैरसमज विशेष आहेत. ‘आमचा कुत्रा वर्षानुवर्षे हेच खातो, मग आताच कसे बाधेल?’ हा पहिला. ॲलर्जी ही ओळखीच्या अन्नाचीच होते. शरीराची ओळख आधी व्हावी लागते, वैर मागून जडते. दुसरा गैरसमज, दूध प्यायल्यावर ढाळ झाली म्हणजे ॲलर्जी. ते दुधातली साखर न पचल्यामुळेही होते. ॲलर्जी बहुधा प्रथिनांची असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अन्नाची ॲलर्जी ठरलेल्या २९७ कुत्र्यांची माहिती एकत्र केली होती. त्यांपैकी ३४ टक्क्यांना गोमांस, १७ टक्क्यांना दुग्धजन्य पदार्थ, १५ टक्क्यांना कोंबडी आणि १३ टक्क्यांना गहू बाधत होता. हे आकडे तिकडच्या थाळीचे आहेत. आपल्याकडे कुत्र्याच्या ताटलीत पोळी, दूध आणि कोंबडीचे उरलेसुरले पडते, तेव्हा शोध तेथूनच सुरू करावा लागेल. ‘धान्य वाईट’ ही घोषणाही तपासून घ्यावी. धान्यविरहित खाद्य आणि कुत्र्यांतला हृदयविकार यांचा काही संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये जाहीर केली. संबंध पक्का सिद्ध झाला नाही. पण धान्य काढले म्हणजे कल्याण झाले, असे समजण्यासही आधार नाही.

मग परीक्षा कोणती? रक्ताच्या महागड्या तपासणीवर अन्नाच्या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही. खरी परीक्षा जुनी आणि साधी आहे. कुत्र्याने पूर्वी कधी न खाल्लेले एक प्रथिन आणि एक पिष्टान्न, उदाहरणार्थ कधीच मासळी न खाल्लेल्या कुत्र्याला मासळी आणि रताळे, एवढेच आठ आठवडे द्यायचे. पाच आठवड्यांत ॲलर्जीच्या दहांतल्या आठांहून अधिक कुत्र्यांना उतार पडतो, आठ आठवड्यांत नऊंहून अधिकांना. या काळात बिस्किटाचा तुकडा नाही, दुधाचा घोट नाही, शेजारच्या काकूंनी मायेने टाकलेली पोळीसुद्धा नाही. उतार पडला तरी काम संपत नाही. जुने अन्न पुन्हा द्यायचे. बहुधा पंधरवड्याच्या आत खाज परतली, तरच आरोप सिद्ध झाला. पिल्लाला असे एकांगी अन्न डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, आणि कांदा व लसूण कोणत्याही कुत्र्याला देऊ नयेत. ते त्याला विषारी आहेत.

यात मला सर्वांत मोलाची वाटते ती शेवटची पायरी. उतार पडल्यावर पुन्हा जुने अन्न देऊन खात्री करायची, ही शिस्त किती जणांच्या अंगी असते? आपण माणसांवरचे आरोपसुद्धा इतक्या काळजीने तपासत नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ‘घरच्या माणसाच्या औषधाला पैसे नाहीत, तेथे कुत्र्याचे लाड कोण करणार?’ ज्यांच्या घरी महिन्याचे वाण उधारीवर येते, त्यांना हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. परंतु वर सांगितलेल्या पायऱ्या पाहा. ओला कागद फुकट, अंथरूण धुऊन उन्हात टाकणे फुकट, कधी, कोठे आणि काय खाल्ल्यावर खाजवतो याची वहीत नोंद करणे फुकट. खर्च वाढतो तो चौकशी न करता केलेल्या उपायांनी. दुकानातून मागून आणलेली स्टेरॉइडची गोळी दोन दिवसांत खाज दाबते, कारण तसेच राहते, आणि गोळी चालूच राहिली तर नवे दुखणे मागे लागते. गुरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला टोचणे हाही असाच प्रकार. ते औषध मोलाचे, त्याच्या शोधाला २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण मात्रा चुकली, किंवा कॉलीसारख्या काही जातींत मुळातच सोसत नसले, तर तेच जिवावर बेतते.

आणि हाकलून दिलेले कुत्रे जाते कोठे? ते पुढच्या वस्तीत जाते, तिथल्या कुत्र्यांना लूत देते. ज्याच्या जवळ कोणी जात नाही, त्याला रेबीजची लसही कोणी टोचत नाही. धोका संपत नाही, फक्त गल्ली बदलते. पाळलेले जनावर उपासमार होईल अशा अवस्थेत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे तर १९७६ पासून घटनेनेच नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. पण कायद्याच्या धाकापेक्षा मला उपयोगाची वाटते ती सोय.

म्हणून दोन सूचना कराव्याशा वाटतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाय, म्हैस आणि शेळी यांची रांग असते. ते योग्यच आहे, कारण त्यांवर घरे चालतात. परंतु आठवड्यातला एक दिवस, निदान दोन तास, कुत्र्यांच्या कातडीची तपासणी तेथे ठेवावी. काम थोडे आहे : एक पाते, एक काच, एक सूक्ष्मदर्शक. दुसरी सूचना आपल्यासाठी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. यंदा दत्तक गावात पशुवैद्यांना बरोबर घेऊन एक दिवस कुत्र्यांच्या त्वचारोगासाठी आणि रेबीजच्या लसीसाठी द्यावा, आणि ‘जळके ऑईल लावू नका’ एवढे एक वाक्य मराठीत, मोठ्या अक्षरांत, पारावर लावून यावे. शास्त्राच्या विद्यार्थ्यांनी काच पाहावी. वाक्य लिहायला आम्ही कला शाखेचे आहोतच.

मित्रहो, जे शिक्षण आपल्या घराण्यात पहिल्यांदा आले, ते नोकरीच्या अर्जापुरते ठेवायचे की वस्तीच्या कामी आणायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला एवढेच वाटते, की कारण ठाऊक नसताना दिलेले औषध आणि कारण ठाऊक नसताना मारलेला दगड यांत फारसे अंतर नाही. खाजवणाऱ्या कुत्र्याला बोलता येत नाही. त्याची बाजू मांडायची, तर त्याच्या अंगाकडे नीट पाहावे लागेल.