पैसा काचेत घाला, बाकीचं नदी देते

राजेगावातली पोरं गोंदियाच्या नाहीतर बालाघाटच्या बाजारातून काचेचं गोल भांडं आणि दोन गोल्डफिश घेऊन येतात. काही दिवसांत मासे मरतात, पुन्हा दोन येतात. सगळ्यात स्वस्त वाटणारी ही खरेदी शेवटी सगळ्यात महाग पडते, शिवाय त्यात जीव जातात.

मासे उपासमारीने मरत नाहीत. त्यांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो त्यांचे कल्ले जाळतो. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं बरंचसं निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू नव्या टाकीत पुरेसे नसतात; वाळूत, स्पंजात रुजायला त्यांना साधारण चार ते सहा आठवडे लागतात. थांबायला पैसे पडत नाहीत. ओळखीत कुणाची निरोगी टाकी चालू असेल, तर फिल्टरमधला मळकट स्पंज मागून आणा. याहून मोलाची वस्तू दुकानात नाही.

खर्च करायचाच तर टाकीवर करा. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच टाकीत सुमारे 56 लिटर पाणी मावतं, आणि एवढं पाणी बऱ्याच चुका पोटात घेतं. एअर पंपावरही काटकसर नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि तापल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. गोल्डफिशला ही टाकीही अपुरी. झेब्रा डॅनिओ घ्या. तो आपल्याच देशातला, गारवा सोसणारा. हीटरचे पैसे वाचतात.

रंगीत खडी, प्लास्टिकची झाडं कशाला? बाघ नदीची घमेलंभर वाळू निवळ पाणी येईपर्यंत धुवा. गोट्यावर लिंबू पिळा. फसफसला तर त्यात चुना आहे, तो बाहेर ठेवा. मलाजखंडकडचा हिरवट दगड कितीही देखणा असो, आणू नका. तिकडच्या दगडात तांबं असतं आणि ते माशांना विष आहे.

बोडीत, म्हणजे गावच्या छोट्या तळ्यात, हायड्रिला, व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पती मिळतात. भंडारा-गोंदियात ढिवर समाजाच्या माणसांनी अशाच वनस्पती पुन्हा लावून तलावांतली देशी मासळी परत आणली, इतकी या वनस्पतींची किंमत आहे. मूठभरच घ्या, पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवून स्वच्छ धुवा.

काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा मात्र नको. तो फूट-दीड फूट वाढतो, टाकीत मावेनासा झाला की लोक बोडीत सोडतात आणि देशी माशांचं अन्न हिरावलं जातं. शेवाळ खरवडायला जुनं एटीएम कार्ड पुरतं.