एक सण, दोन अमावास्या

कोरेगाव भीमा म्हटले की बाहेरच्या माणसाला १ जानेवारी आठवतो. १८१८ ची लढाई आठवते, नदीपलीकडचा पेरण्याचा जयस्तंभ आठवतो. ते योग्यच आहे. पण गावाला वर्षाचे बाकीचे दिवसही असतातच की! मुलांच्या लेखी तर त्यातला एक दिवस फार मोठा. तो म्हणजे पोळा.

आमच्या शिरूर भागात पोळा भाद्रपदी अमावास्येला, म्हणजे सर्वपित्रीच्या दिवशी असतो. माहेरी, सासरी, दोन्हीकडे तोच पाहिला. त्यामुळे पोळा दुसऱ्या कुठल्या दिवशी असू शकतो, हे कधी मनातच आले नाही. गेल्या वर्षी ते एका सात वर्षांच्या मुलीने शिकवले, आणि शिकताना मला जरा मान खाली घालावी लागली.

सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव इकडे कारखाने आले, तशा आमच्याकडे भाड्याच्या खोल्याही वाढल्या. शेजारच्या खोलीत यवतमाळकडचे कुटुंब राहते. श्रावण संपून दुसरा दिवस उजाडला होता. मी गणपतीच्या तयारीत, माळ्यावरची भांडी खाली काढत होते. दारात ही मुलगी उभी. हातात सुतळी, सुतळीला बुटांच्या खोक्याचा बैल, त्याला बाटलीच्या झाकणांची चाके.

“काकू, बोजारा द्या ना.”

मला वाटले, भाजीबिजी मागते आहे. “कसला गं बोजारा?”

“पोळ्याचा.”

“अगं, पोळ्याला अजून महिना आहे!” मी म्हणाले. मागून आमचे चिरंजीव खो खो हसले. मुलीने एकदा बैलाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि सुतळी गुंडाळत निघून गेली. झाकणांचा खडखड आवाज जिन्यापर्यंत ऐकू आला.

संध्याकाळी तिच्या आईकडून कळले ते असे. विदर्भात नि मराठवाड्यात पोळा श्रावणी अमावास्येला, पिठोरीला होतो. विदर्भात दुसऱ्या दिवशी मुलांचा ‘तान्हा पोळा’. मुले लाकडाचे बैल सजवतात, चाकांवर ओढत घरोघर नेतात. घरच्या बाईने बैलाला ओवाळायचे आणि मुलाच्या हातावर खाऊ नाहीतर पैसे ठेवायचे. तोच बोजारा. “लाकडी बैल गावीच राहिला, म्हणून खोक्याचा केला तिनं,” आई म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. म्हणून तर मला जास्तच लागले. पोरीने चार दारे वाजवली होती आणि चारी दारी तिला तारीख सांगितली गेली होती.

मी लेकाला घेऊन बसले. म्हटले, सातारा-सांगलीकडे हाच सण बेंदूर म्हणून आषाढातच होऊन जातो. मग ते लोक आपल्याला हसले तर? ज्या भागात पेरणीची नि मशागतीची कामे जेव्हा हातावेगळी होतात, तेव्हा तिथले लोक बैलाला विसावा देतात. सण तोच, कामाचा हिशेब वेगळा. त्याने थोडा वेळ विचार केला आणि विचारले, “म्हणजे आपण दोनदा केला तर चालेल?”

चालेल काय, धावेल! म्हणून यंदा आमच्या वाड्यात दोन पोळे. पहिला झाला. दुसरा पंधरवड्यावर आला आहे. तुमच्याही मुलांना हाताशी घेऊन करण्यासारखे आहे, म्हणून कृती देते.

मातीचे बैल : आमच्याकडची काळी माती नुसती वापरू नये. ती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते, त्यामुळे बैलाला भेगा पडतात. दोन वाट्या चाळलेल्या मातीत एक वाटी बारीक चाळलेली रेती घालावी. रात्रभर भिजवून सकाळी कणकेसारखी मळावी, मळताना कापसाचे तंतू पिंजून घालावेत. मग माती धरून राहते. गणपतीची शाडू उरली असेल तर उत्तमच.

बैल मुलाच्या मुठीएवढाच करावा. मोठा केला की पाय मोडतात आणि रडारड होते. आधी लांबट गोळा, मग चार आखूड जाड पाय, मग मान व तोंड. सांधा जोडताना दोन्हीकडे काडीने ओरखडे काढून चिखलाचे पाणी लावावे, नाहीतर वाळल्यावर पाय गळून पडतो. वशिंड विसरू नका, त्याशिवाय बैल कुत्र्यासारखा दिसतो! शिंगांसाठी आगकाडीचे गुल काढून तुकडे ओलेपणीच खोचावेत. शेपटीला सुतळी. सावलीत तीन-चार दिवस वाळवावे. घाई करून उन्हात ठेवले की तडकलेच म्हणून समजा.

रंगाला गेरू, खडूची पूड आणि काजळ पुरे. चुना मुलांच्या हाती देऊ नये, डोळ्यात गेला तर भाजतो. झूल जुन्या ब्लाऊजपीसची, गोंडे लोकरीचे, शिंगांना बेगड नसेल तर चॉकलेटची चांदी.

खोक्याचा बैल : ही कृती मात्र माझी नव्हे, त्या मुलीची. खोक्याला खालून, पुढे नि मागे आरपार भोके पाडून त्यांत बांबूच्या दोन काड्या घालायच्या. भोक काडीपेक्षा जरा मोठे हवे, म्हणजे काडी फिरते. झाकणांना मधोमध भोके मोठ्या माणसाने पाडून द्यावीत आणि झाकणे काड्यांच्या टोकांना घट्ट बसवावीत. तोंडाच्या जागी पुठ्ठ्याचे डोके चिकटवायचे, आणि सुतळी पुढच्या बाजूला अगदी खाली बांधायची. वर बांधली तर ओढताना बैल तोंडावर पडतो. हे तिनेच आमच्या पोरांना दाखवले. जे हसले होते, ते आता तिच्याकडे चाके दुरुस्त करायला रांगेत उभे असतात.

यंदा पिठोरीच्या आदल्या दिवशी मुलांनी मातीच्या बैलांची खांदेमळणीही केली. बोटाने हळद-तूप लावून, उद्या जेवायला या म्हणून आवतण दिले. खऱ्या बैलाला देतात तसेच. मला गेल्या वर्षीची चार दारे आठवली. बैलाला आवतण देणारे आपण, आणि बैल घेऊन आलेल्या लेकराला परत पाठवले!

पूजेनंतर बैल नदीत सोडू नका. आमची भीमा आधीच पुष्कळ सोसते आहे. झूल, लोकर, काड्या काढून ते बादलीत भिजत घालावेत. श्रावणी पोळ्याचे बैल आमच्याकडे असेच विरघळले, आणि त्याच मातीचे आता भाद्रपदी पोळ्याचे बैल होणार आहेत. एखाददुसरा जपून ठेवलात तर दिवाळीच्या किल्ल्याखाली शेत नांगरायला उपयोगी पडेल.

एक राहिलेच. पिठोरीला आई वाण डोक्यावर धरते आणि मागे न पाहता विचारते, “अतिथी कोण?” मागे बसलेली मुले “मी” म्हणतात. आमच्याकडे सासूबाईंनंतर हे मागे पडले होते. यंदा मी खीरपुरीचे वाण केले. पहिल्यांदा विचारले, थोरल्याने ‘मी’ म्हटले. दुसऱ्यांदा विचारले, धाकटीने म्हटले. तिसऱ्यांदा विचारले आणि मागे सगळे गप्प. मग चिरंजीवांची कुजबूज ऐकू आली, “अगं, म्हण ना!” आणि दाराकडून बारीक आवाज आला, “मी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकणांचा खडखडाट जिन्यावरून वर आला, तेव्हा माझे ओवाळणीचे ताट तयार होते. तुमच्या शेजारीही दुसऱ्या गावचे कुटुंब राहत असेल. तुमचा पोळा कधी असतो, एवढे त्यांना विचारून ठेवा, आणि डब्यात थोडा खाऊ राहू द्या.