अर्थिंग टॅग ही हौस नव्हे



केबल ग्लँडच्या अर्थिंग टॅगवर गेल्या अंकातलं पत्र वाचलं. पेटी लोखंडी असेल तर लॉकनट आवळला की पुरे, टॅग ही हौस, असं त्यात म्हटलं आहे. पीण्यातल्या कारखान्यांत वायरिंग करणाऱ्या मला हे मुळीच पटलं नाही.

आजकालच्या पॅनेलना पावडर कोटिंग असतं, आणि ते वीज अडवतं. लॉकनट रंगावरच बसला तर केबलच्या आर्मरचा, म्हणजे तारांच्या कवचाचा, पेटीशी जोड नावापुरता. मल्टीमीटर तरीही ‘बीप’ करील. त्याचा प्रवाह तो किती! दोष आला की त्याच वाटेने हजारो अँपिअर जाऊ पाहतात.

टॅग कुठे, यावर मात्र आमच्यात दोन घराणी आहेत. एक बाहेर, ग्लँड आणि पेटीच्या मध्ये बसवतं. दुसरं आत, लॉकनटखाली. बाहेरचा सहज दिसतो, पण पावसात गंजतो. आतला कोरडा राहतो, पण तपासायला झाकण उघडावं लागतं. मी आतला बसवतो. दुसऱ्याशी भांडत नाही. टॅगपासून अर्थ बारपर्यंत तांब्याची वायर हवी, एवढंच. प्लास्टिकच्या पेटीत तर तिला पर्यायच नाही.

ग्लँड न लावता आर्मरच्या तारा पिळून लगमध्ये कोंबण्याची सवय मात्र सोडाच. केबलला आधारच उरत नाही.

अर्थिंगची भारतीय संहिता, आयएस ३०४३, २०१८ साली सुधारली गेली. कंत्राटदारांनी ती वाचावी, आणि मालकांनी बिलात टॅगची वेगळी ओळ मागावी.

— एक वायरमन, पीण्या, बेंगळुरू